पांढरी रेघ आणि पळवलेले ढग



सोलापुरात उभं राहून ढगांविषयी बोलायचं म्हणजे धाडसाचं काम. पुण्या-मुंबईच्या माणसाला ढग दिसले की भजी आठवतात; तुमच्याकडे ढग दिसले की हिशेब सुरू होतो. मृगात किती बरसले, हस्तात किती, आणि किती नुसतेच तोंड दाखवून कलबुर्गीकडे निघून गेले, हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. तेव्हा ढग म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगत बसणार नाही. ढगांवर माणसाची सत्ता किती चालते, आणि ती चालते असं आपल्याला का वाटतं, एवढ्याच दोन गोष्टींवर बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात कुणी काही ठासून सांगितलं की ‘मोजलं कुणी?’ असं विचारायचे, असं त्यांचे विद्यार्थी मघाशी सांगत होते. तो प्रश्न आजच्यापुरता मी उसना घेतो.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ येऊन गेला असेल. निळंभोर आकाश, विमानांच्या मागे उमटलेल्या पांढऱ्या रेघा, पाठीमागे भीती घालणारं संगीत, आणि एक आवाज सांगतो की हा धूर नव्हे, ही फवारणी आहे. कशासाठी? कुणी म्हणतं लोकसंख्या कमी करायला. कुणी म्हणतं माणसं आजारी पाडून औषधं खपवायला. कुणी म्हणतं पाऊस अडवायला. या समजुतीला जगभर ‘केमट्रेल’ असं नाव आहे. शेवटी विनंती असतेच, की सरकारने काढून टाकण्याआधी पुढे पाठवा. आमच्या लहानपणी अशी रेघ दिसली की गल्लीतली पोरं ‘रॉकेट, रॉकेट’ करत मान दुखेपर्यंत वर बघायची. रेघ तीच आहे. बघणाऱ्याचं मन तेवढं बदललं.

हे हसण्यावारी न्यावं का? मला तसं वाटत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२४ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये हवामानात फेरफार करण्यासाठी आकाशात काहीही सोडायला कायद्याने बंदी केली. फ्लोरिडात दंड एक लाख डॉलरपर्यंत आहे. (कायदा झाला, रेघा उमटायच्या थांबल्या नाहीत. वाफेला विधिमंडळाचा ठराव कळत नाही.) २०२४ च्या शरदात हेलीन आणि मिल्टन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली, तेव्हा तिथल्या हवामानशास्त्रज्ञांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. का? तर ही वादळं सरकारनेच घडवली, वळवली, आणि हे लोक ते लपवतात, म्हणून. अंदाज सांगणाऱ्या माणसाला पोलीस संरक्षणाचा विचार करावा लागतो, तिथे गोष्ट हसण्याच्या पलीकडे गेलेली असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाला डुलकी लागली तरी हरकत नाही. ‘मी पाऊस पाडून देतो’ म्हणणारा आणि ‘त्यांनी माझा पाऊस पळवला’ म्हणणारा, हे दोघे एकमेकांचे वैरी दिसतात. पण मुळात त्यांचं एकमत आहे. आकाश माणसाचं ऐकतं, असं दोघांनाही वाटतं. पहिल्याने फुशारकी मारली, तिच्यातूनच दुसऱ्याचा संशय जन्माला आला. आणि मधल्या काळात सरकारांनी लपवाछपवी करून त्या संशयाला खतपाणी घातलं.

आधी ती रेघ निकालात काढू. विमानाचं इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच. ते जळलं की पाणी तयार होतं. एक किलो इंधन जळलं की जवळपास सव्वा किलो पाणी, वाफेच्या रूपात. इंधनापेक्षा पाणी जास्त कसं, असं कुणी विचारेल. त्यातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून येतो. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, आणि तिथलं तापमान शून्याखाली चाळीस-पन्नास अंश असतं. इंजिनातून निघालेला गरम, ओलसर झोत त्या थंडीत मिसळतो, वाफ काजळीच्या कणांवर धरते आणि तिथल्या तिथे गोठते. रेघ म्हणजे बर्फाचे बारीक कण. म्हणजे ढगच, फक्त माणसाने केलेला.

मग काल रेघ लगेच पुसली गेली आणि आज तासभर कशी टिकली? यात विमानाचा हात नाही, हवेचा आहे. वरची हवा कोरडी असेल तर बर्फ लगेच उडून जातो. ती आधीच बाष्पाने भरलेली असेल तर कण टिकतात, वाढतात, वाऱ्याने पसरतात, आणि दोन-तीन तासांत त्या रेघेचा तलम पडद्यासारखा ढग होतो. असे ओलसर थर कधी कधी काहीशे मीटर जाडीचेच असतात. म्हणून एकाच वेळी दोन विमानं दिसतात, एकाच्या मागे लांबलचक शेपूट आणि दुसरं कोरडं. व्हिडिओवाला म्हणतो, बघा, एकात रसायन भरलंय. खरं म्हणजे एक त्या थरात आहे आणि दुसरं हजार फूट वर.

‘पूर्वी अशा रेघा नव्हत्या’ हेही ठासून सांगितलं जातं. मोजलं कुणी? १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर विमानांच्या लढाया झाल्या, त्यांचे फोटो पाहा. आकाश रेघोट्यांनी भरलेलं आहे. जेट विमानंही तेव्हा वापरात नव्हती. पंखा फिरवणाऱ्या जुन्या इंजिनांच्या त्या रेघा. पुढे जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांचा याच रेघांनी घात केला, कारण खाली शत्रूला त्यांचा पत्ता आयताच मिळे. रेघ कधी उमटते याचं गणित मांडायची निकड युद्धातूनच आली. जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये ते मांडलं, अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये ते पक्कं केलं. आजही रेघेचा अंदाज याच दोघांच्या नावाच्या निकषावर बांधतात. ज्या गोष्टीचं गणित आधीच करून सांगता येतं, तिला गुपित कसं म्हणायचं?

आणखी दोन पुरावे पुढे केले जातात, ते झटपट उरकतो. पहिला, विमानाच्या आत पिंपंच पिंपं ठेवल्याचे फोटो. ती पाण्याची पिंपं. नवं विमान चाचणीला नेतात तेव्हा प्रवाशांच्या वजनाऐवजी पाणी भरतात आणि ते इकडून तिकडे खेळवून तोल तपासतात. दुसरा, अंगणातल्या मातीत ॲल्युमिनियम सापडलं. सापडणारच! पृथ्वीच्या कवचाचा बाराव्या हिश्शाएवढा भाग ॲल्युमिनियमचा आहे. आपल्या काळ्या मातीत ते भरपूर आहे. ज्या मातीत ते सापडलं नाही, ती माती मला आणून दाखवा. तिच्यावर शोधनिबंध लिहिता येईल. २०१६ मध्ये काही संशोधकांनी वातावरण-रसायन आणि माती-पाणी तपासणाऱ्या ७७ तज्ज्ञांना विचारलं, अशा गुप्त फवारणीचा पुरावा तुम्हाला कधी दिसला का? ७६ जण नाही म्हणाले. पण मला नाही वाटत, या आकड्याने एकाही माणसाचं मत बदललं असेल. ज्याचा तज्ज्ञांवरच विश्वास उरला नाही, त्याला तज्ज्ञांची हजेरी घेऊन काय पटणार?

मग विश्वास गेला कुठे? इथे जरा रेंगाळतो, कारण खरी गोष्ट इथे आहे.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. अमेरिकेत स्केनेक्टडी नावाच्या गावात जनरल इलेक्ट्रिक कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे व्हिन्सेंट शेफर नावाचे एक कारागीर-संशोधक थंड पेटीत ढग तयार करून बघत होते. १९४६ च्या जुलैत एकदा पेटी पुरेशी गार होईना, म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा टाकला, आणि पेटीतल्या धुक्याचे क्षणात चमचमते हिमकण झाले. नोव्हेंबरात त्यांनी विमानातून खऱ्या ढगात कोरडा बर्फ टाकला. ढगाखाली हिमकण झरताना दिसले. त्याच सुमारास त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना आढळलं की सिल्व्हर आयोडाइडचे स्फटिक बर्फाशी इतके मिळतेजुळते आहेत की अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेलं, पाणी त्यांच्यावर फसून गोठतं. कृत्रिम पावसाचं सगळं शास्त्र या दोन शोधांवर उभं आहे. शोध अस्सल होते, त्याबद्दल वाद नाही.

पण तिसरे गृहस्थ होते अर्व्हिंग लँगम्युअर. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले, शब्दाला वजन असलेले. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांच्या गटाने लष्कराच्या मदतीने अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ समुद्रात दूर चाललं होतं. ते वळलं आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरावर येऊन आदळलं. आता यावर शास्त्रज्ञाने काय म्हणावं? पुरावा अपुरा आहे, तपासू, असं म्हणावं. लँगम्युअर म्हणू लागले की वादळ आम्हीच वळवलं! कंपनीच्या वकिलांना घाम फुटला असणार. नुकसान झालेले लोक दावे लावायला निघाले. पुढे नोंदी तपासल्यावर कळलं की बर्फ टाकण्याआधीच वादळ वळू लागलं होतं, आणि १९०६ सालीही एका वादळाने अशीच वाट धरली होती, तेव्हा तर कुणी विमानातून काही टाकलं नव्हतं. ऐंशी किलो बर्फाने अटलांटिकचं वादळ वळतं, हा समज कुठल्या मांत्रिकाने नव्हे, एका नोबेल विजेत्याने पेरला. आज कुणी म्हणतं की मिल्टन वादळ सरकारने वळवलं, तेव्हा त्याला अडाणी म्हणण्याआधी ही गोष्ट आठवावी. तो जे म्हणतो ते आधी एका मोठ्या माणसाने अभिमानाने सांगितलेलं आहे.

फुशारकीनंतर आली गुप्तता. २० मार्च १९६७ ते ५ जुलै १९७२, अशी पाच वर्षं, दर पावसाळ्यात, अमेरिकेच्या हवाई दलाने थायलंडमधल्या तळावरून विमानं पाठवून लाओस आणि व्हिएतनामवरच्या ढगांत सिल्व्हर आणि लेड आयोडाइड सोडलं. हेतू असा की पाऊस वाढावा, हो चि मिन्ह मार्गावर, म्हणजे शत्रूच्या रसदीच्या वाटेवर, चिखल व्हावा, त्याचे ट्रक रुतावेत. मोहिमेचं नाव ‘पॉपाय’. उड्डाणं २,६०२. पाऊस खरंच किती वाढला, हे कधीच धडपणे सिद्ध झालं नाही. तिकडे मोसमी पाऊस असा ना तसा धो धो पडतोच. पण लपवालपवी पूर्ण झाली. १९७१ मध्ये जॅक अँडरसन या पत्रकाराने पहिली वाच्यता केली, १९७२ मध्ये सेमोर हर्श यांनी सविस्तर लिहिलं. संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी सिनेटपुढे सांगितलं की उत्तर व्हिएतनामवर आम्ही असं काही केलेलं नाही. नंतर त्यांना पत्र लिहून ते विधान मागे घ्यावं लागलं. १९७४ मध्ये या मोहिमेची माहिती अधिकृतपणे खुली झाली.

आणि ही एकटी घटना नव्हे. १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्को शहरावर, नागरिकांना न कळवता, जिवाणूंचा फवारा सोडून पाहिला होता. जैविक हल्ला झाला तर तो कसा पसरेल हे बघायला. लोकांना ते कळलं १९७६ मध्ये. म्हणजे विमानातून ढगात गुपचूप रसायन सोडणं, हे घडलं आहे. नागरिकांवर गुपचूप फवारणी, हेही घडलं आहे. मंत्र्यांनी सिनेटपुढे सांगितलेलं खोटं निघालं, हेही. या तिन्ही गोष्टी माहीत असलेला अमेरिकी माणूस १९९६ मध्ये हवाई दलाच्याच अधिकाऱ्यांनी लिहिलेला एक अहवाल वाचतो. त्याचं शीर्षकच असं की २०२५ पर्यंत हवामान आपल्या मालकीचं करायचं. आत लिहिलेलं असतं की या भविष्याच्या कल्पना आहेत, पण शीर्षक वाचल्यावर आतलं कोण वाचतो? पुढच्या दोन-तीन वर्षांत केमट्रेलची समजूत रेडिओवरच्या रात्रीच्या गप्पांतून घराघरांत पोहोचली. २००० मध्ये तिथल्या चार सरकारी संस्थांना मिळून खुलाशाचं पत्रक काढावं लागलं. खुलासा आला म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणत लोकांचा संशय आणखी पक्का झाला!

एक मात्र चांगलं झालं. ‘पॉपाय’च्या बभ्र्यातून आंतरराष्ट्रीय करार आला. हवामान हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायचं नाही, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९७६ मध्ये मंजूर केला आणि ऑक्टोबर १९७८ पासून तो लागू झाला. शत्रुत्वाने केलेला वापर निषिद्ध. शांततेच्या कामासाठी मुभा. या मुभेकडे मी शेवटी येतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं पुराण. आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडेही ढग पळवल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत, आणि त्यासाठी आपल्याला व्हिडिओही लागला नव्हता. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि २००२ पासून सलग दुष्काळ पडला, तेव्हा गावोगाव काय बोललं जात होतं? पवनचक्क्या ढग पळवतात. दिसायला पंखा, पंखा वारा घालतो, वाऱ्याने ढग जातात. साधा, सरळ तर्क. पण पवनचक्की वारा घालत नाही, ती वारा खाते. वाऱ्यातली ऊर्जा काढून घेते म्हणूनच वीज तयार होते; तिच्या मागचा वारा उलट मंदावतो. आणि दुष्काळ त्या पठारांपुरता नव्हता. जिथे एकही पवनचक्की नाही तिथेही होता.

तरीही त्या माणसांना मी वेडं म्हणणार नाही. त्यांच्या माळरानाचे व्यवहार झाले होते, कागदावर काय लिहिलंय ते अनेकांना कळलं नव्हतं, डोंगरावर वीज तयार होत होती आणि खाली गावात भारनियमन चालू होतं. आपलं काहीतरी नेलं गेलंय, ही भावना खरी होती. काय नेलं, याचं उत्तर चुकलं. जमिनीचा हिशेब मागायला वकील लागतो. ढगाचा हिशेब मागायला नुसतं वर बोट दाखवलं की पुरतं.

हे जगभर चालतं. स्पेनच्या कोरडवाहू भागातले शेतकरी अनेक दशकं सांगत आले आहेत की छोटी विमानं येतात आणि ढग फोडून जातात. मेक्सिकोत पुएब्लाजवळ २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी फोक्सवॅगन कंपनीच्या गारपीटविरोधी तोफांवर आक्षेप घेतला. गाड्यांवर गारा पडू नयेत म्हणून कंपनी आकाशात आवाजाचे बार काढत होती, आणि शेतकरी म्हणत होते, आमचा पाऊस गेला. तोफांच्या आवाजाने गार अडते याला पुरावा नाही. पाऊस जातो यालाही नाही. पण गंमत बघा, गारा अडतात असं कंपनीने आधी मानलं होतं! त्याच वर्षी इराणमधल्या एका सेनाधिकाऱ्याने इस्रायलवर ढग चोरल्याचा आरोप केला, आणि खुद्द इराणच्या हवामान खात्याच्या प्रमुखाला सांगावं लागलं की ढग असे चोरता येत नाहीत.

आता ‘पाडून देतो’ म्हणणाऱ्यांकडे वळू. भारतात हा उद्योग जुना आहे. १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीने सह्याद्रीत जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, आपण तिला आयआयटीएम म्हणतो, १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात अकरा पावसाळे विमानातून ढगांत मिठाची पूड पेरली. त्यात सुमारे २४ टक्के वाढ दिसल्याचं त्यांनी नोंदवलं. २००३ मध्ये, २०१५ मध्ये आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने परदेशी विमानं आणून प्रयोग केले. २०१९ ला तर ३० कोटींची तरतूद झाली. आणि दर वेळी वर्तमानपत्रात काय छापून आलं? विमानाने इतक्या वाजता उड्डाण केलं, रसायनाच्या इतक्या नळकांड्या जाळल्या, अमुक गावात इतका पाऊस झाला. अमुक गावात तो एरवी झाला नसता, हे कशावरून? मोजलं कुणी?

याचं उत्तर तुमच्या डोक्यावर शोधलं गेलं, हे तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? आयआयटीएमने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरातून २७६ ढगांवर काम केलं. पेरण्याजोगा ढग सापडला की त्यात पेरायचं की नाही, हे वैमानिकाने किंवा शास्त्रज्ञाने ठरवायचं नाही. ते सोडतीने ठरायचं. म्हणजे आवडीचा ढग निवडून नंतर शाबासकी घेण्याची सोय नाही. खाली रडार आणि पर्जन्यमापकं. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस; काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सोलापूर येतं म्हणून हीच जागा निवडली होती.

अठरा टक्के. ही फुशारकीपेक्षा फार लहान आणि ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यापेक्षा बरीच मोठी गोष्ट आहे. आणि हे अठरा टक्के कशाचे? जो ढग आधीच उंच वाढलाय, ज्यात पाणी आहे, जो कदाचित बरसणारच होता, त्याच्या पावसाचे. विरजण लावल्याने दही लागतं, पण पातेल्यात दूध असावं लागतं. कडक दुष्काळात नेमकं दूधच नसतं. म्हणजे ज्या वर्षी राजकारण्यांना विमान उडवायची घाई असते, त्याच वर्षी पेरण्याजोगे ढग सगळ्यात कमी. दिल्लीने २८ ऑक्टोबर २०२५ ला याचा अनुभव घेतला. प्रदूषण धुऊन काढायला आयआयटी कानपूरच्या विमानाने शहरावर पेरणी केली. ढगांत ओलावा जेमतेम होता. पाऊस झाला नाही. होणार नव्हता, हे ढगाकडे बघून सांगता आलं असतं. पण कॅमेरे आधीच येऊन थांबले होते.

उलट बाजूने बघा. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत एका दिवसात १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तिथल्या दीड वर्षाचा. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे नोकरीला आहेत. विमानतळाचं तळं झालेलं त्यांनी घरी पाठवलेल्या व्हिडिओत आपण पाहिलं. लगेच बातमी फिरली की कृत्रिम पाऊस हाताबाहेर गेला. असं होतं का? हिशेब करू. १०० चौरस किलोमीटरवर नुसता १० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख टन पाणी. तेवढी वाफ पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, ती सुमारे ७० कोटी युनिट विजेइतकी. हिरोशिमाचे चाळीस बॉम्ब. हे दहा मिलिमीटरचं! त्या वादळाने ओमानपासून अमिरातीपर्यंत हजारो चौरस किलोमीटर भिजवले, आणि त्याचा अंदाज कित्येक दिवस आधीपासून दिला जात होता. काही किलो मिठाच्या नळकांड्यांनी असलं वादळ उभं राहत नाही. जुलै २०२५ मध्ये टेक्सासात ग्वादालूप नदीला पूर आला, शंभराहून अधिक माणसं गेली. दोन दिवस आधी एका खासगी कंपनीने दुसरीकडे थोडी पेरणी केली होती, एवढ्यावरून सगळा दोष तिच्यावर आला. त्या कंपनीने आपल्या सामर्थ्याच्या जाहिराती एरवी जरा हात राखून केल्या असत्या तर?

आता या गोष्टीतला मला सर्वांत टोचणारा भाग सांगतो. त्या पांढऱ्या रेघा खरोखर हवामान बदलतात.

दचकू नका. रेघांतून पसरलेले पातळ ढग पृथ्वीवरून वर जाणारी उष्णता अडवतात. दिवसा ते थोडं ऊनही परत पाठवतात. रात्री मात्र नुसती गोधडी. विमानांमुळे पृथ्वी जी तापते, तिच्यात या रेघांचा वाटा विमानांनी आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा किंवा त्याहून जास्तही असू शकतो, असं आजचं संशोधन सांगतं. आकड्यात अनिश्चितता मोठी आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत तीन दिवस विमानं बंद होती. दिवस-रात्रीच्या तापमानातलं अंतर तेवढ्यात वाढल्याचं डेव्हिड ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. मग इतरांनी म्हटलं, तेव्हा आकाशच निरभ्र होतं, श्रेय रेघांना कसं? वाद अजून चालतो. मला तो वाद आवडतो. केमट्रेलच्या मंडळींत असं एकमेकांना खोडून काढणं कधी ऐकलंय का?

आणि यावर उपाय आहे. बहुतेक ताप मोजक्याच उड्डाणांच्या रेघांनी होतो. विमान त्या ओलसर थरातून नेलं नाही की रेघ टिकत नाही. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांत उंची थोडी वर-खाली करून पाहिली, आणि २०२३ मध्ये सांगितलं की रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे नुकसान उघड्यावर आहे, कारण ठाऊक आहे, उपाय हाताशी आहे, आणि त्यावर एकही मोर्चा नाही. का? कारण त्यात खलनायक नाही. तिकीट काढून बसलेले तुम्ही-आम्ही आहोत.

तशीच एक गोष्ट पुढे वाढून ठेवलेली आहे. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, कोट्यवधी टन गंधकाचा वायू खूप वर गेला आणि पृथ्वी साधारण अर्धा अंश गार झाली. तसंच मुद्दाम करावं का, यावर गंभीर माणसं गंभीरपणे बोलत आहेत. हार्वर्डच्या गटाला याच अभ्यासासाठी एक बलून स्वीडनमधून सोडायचा होता. तिथल्या सामी या आदिवासी लोकांनी २०२१ मध्ये विरोध केला, आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. माझी बाजू तूर्त सामींकडे आहे. उद्या कुणी उत्तरेत बसून सूर्य मंदावायला घेतला आणि त्याने आपला मान्सून सरकला, तर बार्शीच्या शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची? १९७६ चा करार शत्रुत्वापुरता आहे. शुभेच्छेने केलेल्या उद्योगांना त्यात मोकळीक आहे.

म्हणून मी मागणी करतो ती साधी, कारकुनी आहे. अमेरिकेत १९७१ च्या डिसेंबरात कायदा झाला की जो कुणी ढगात काही सोडेल त्याने ते सरकारला आधी कळवायचं, आणि ती नोंद कुणालाही बघता येईल. (त्याच काळात दर पावसाळ्यात त्यांचंच हवाई दल लाओसवर गुपचूप उडत होतं, कायदा इतरांसाठी होता.) तशी नोंदवही आपल्याकडे हवी. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या गावावर, काय आणि किती सोडलं. कोणता ढग पेरला आणि कोणता मुद्दाम सोडून दिला. रडारवर काय दिसलं, पर्जन्यमापकात काय पडलं. मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, विमान उतरल्यावर आठवड्याच्या आत. पाऊस पडला नाही तर तेही तिथेच लिहायचं. पुढच्या दुष्काळात विमान येईल, तेव्हा पत्रकार परिषदेला जाणाऱ्या तुमच्या आमदारांकडे हा कागद मागा. आता अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले आहेत, आणि तिसऱ्या रांगेतले ते काका मघापासून हात वर करून बसलेत. त्यांचा प्रश्न आधी घेऊ.